तंजावरच्या चर्चमधला संगमरवरी दगड, आपले भोसले आणि लुथरन शाळा : कुणी नीट सांगेल का?

वेरूळ_शिवार :

सगळ्यांना रामराम. मी खुलताबाद तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, सातवीला इतिहास शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत मेहुण्याकडं चेन्नईला गेलतो, तिथून सगळे मिळून तंजावरला गेलो. मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत भोसल्यांचा सगळा इतिहास कोरलेला आहे हे ऐकून होतो पण डोळ्यानं बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. पोरगी बोट फिरवत एकेक शब्द जुळवून वाचत होती आणि आजूबाजूचे लोक थांबून बघत होते की ही एवढीशी पोर हे वाचतीय कसं.

पण माझा प्रश्न देवळाचा नाही. तिथंच शिवगंगा किल्ल्यात एक जुनं चर्च आहे, तिथं पण गेलो. आत पांढऱ्या संगमरवरात कोरलेलं एक चित्र आहे, एक म्हातारा माणूस पलंगावर शेवटच्या घटका मोजतोय, बाजूला एक राजा उभा, त्यानं म्हाताऱ्याचा हात हातात धरलाय, आणि पलंगाजवळ तीन लहान पोरं. गाईड म्हणाला हा राजा म्हणजे सरफोजी महाराज आणि तो म्हातारा त्यांचा जर्मन गुरू, लुथरन मिशनचा, आणि ती पोरं त्याच्या शाळेतली. यापुढं त्याला काही सांगता येईना आणि आम्हाला तमिळ येईना.

मपली शाळा मालोजीराजांच्या गढीपासून चार किलोमीटरवर आहे. त्याच घराण्यातला राजा एका जर्मन पाद्र्याचा हात धरून उभा आहे आणि मला, इतिहासाच्या मास्तरला, त्यातलं काही माहीत नाही याचं लई वाईट वाटलं. लुथरन म्हणजे नेमके कोण, त्यांची शाळा तिकडं कशी सुरू झाली, पुढं कशी वाढली, आणि आपला राजा तिथं कसा पोचला? सोमवारी शाळा उघडती, पोरांना सांगायचंय.


मोसंबी_जालना :

सर, लुथरन कोण एवढ्याचं उत्तर मी देते, बाकी जाणकार देतील. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे पण आम्ही लुथरन नाही. आपल्या जालन्याचं मिशन स्कॉटलंडच्या चर्चचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली ते. लोक सगळ्या मिशनला एकच समजतात म्हणून आधी हे सांगून टाकते.

मार्टिन लुथर हा जर्मनीतला साधू आणि विद्यापीठातला शिक्षक, १५१७ साली त्यानं पोपच्या विरोधात आवाज उठवला, त्याला मानणारे ते लुथरन. शाळेचा संबंध असा, की त्याचं म्हणणं होतं देवाचं वचन प्रत्येकानं आपल्या भाषेत आपल्या डोळ्यानं वाचावं, मध्ये दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. मग वाचता यायला पाहिजे ना, शेतकऱ्याला पण आणि त्याच्या बायकोला पण. १५२२ ला त्यानं बायबलमधला नवा करार जर्मनमध्ये आणला, आणि १५२४ ला जर्मनीतल्या सगळ्या गावांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं की बाबांनो रस्ते, पूल, तटबंदी यावर एवढा खर्च करता, तसा पोरांच्या शाळेवर पण करा, आणि मुलींच्या पण शाळा काढा. म्हणून लुथरन लोक जिथं गेले तिथं चर्चच्या भिंतीला लागून शाळा उभी राहिली.

माझ्या आजी सांगायच्या की पैठणला नाथांनी भागवत मराठीत आणलं तेव्हा काशीच्या पंडितांनी केवढा गहजब केला. नाथ आणि लुथर एकाच शतकातले आहेत सर, हे पोरांना सांगितलंत तर त्यांना पटकन समजेल.


धूळपाटी :

मी अंबाजोगाईचा, निवृत्त शिक्षक. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे उत्तर लांबणार, समजून घ्या.

वेरूळचे सर, गोष्ट तंजावरपासून नाही तर तरंगमबाडीपासून सुरू करा. समुद्राकाठचं बंदर, इंग्रज त्याला ट्रंकेबार म्हणायचे. १६२० साली तंजावरच्या नायक राजाकडून डेन्मार्कच्या लोकांनी ते घेतलं आणि डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. पुढं व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, तेव्हापासून डेन्मार्कवाले आपल्या भोसल्यांना वर्षाचा खंड भरायचे. ही शाळा उगवली तेव्हा आजूबाजूचा सगळा मुलूख मराठी राजाचा होता, हे पोरांना पहिल्यांदा सांगा.

डेन्मार्कच्या राजानं दोन तरुण जर्मन मिशनरी पाठवले, त्यातला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ ला तिथं उतरला. वय फार तर चोवीस. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं आणि तिथले डॅनिश व्यापारी त्याला दारात उभं करायला तयार नव्हते, कारण हा इथल्या लोकांत मिसळणार आणि आपल्या धंद्यात अडचण करणार असं त्यांना वाटायचं. मग त्यानं काय केलं, तर गावातल्या एका म्हाताऱ्या पंतोजीला विनंती केली की तुमची शाळा माझ्या घरात भरवा. तिकडं घराच्या ओट्यावर शाळा भरायची, तिला तिण्णै शाळा म्हणतात, आपल्याकडच्या गावठी पंतोजींच्या शाळेसारखीच. आणि हा गडी रोज त्या पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसला, समोर वाळू पसरलेली, पोरं बोटानं अक्षर गिरवायची आणि तोंडानं म्हणायची, हा पण बोटानं गिरवायचा आणि म्हणायचा. माझ्या आजोबांनी धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवली होती, म्हणून मी इथं हे नाव घेतलंय, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मला तो माणूस एकदम घरचा वाटला. चाळीस वर्षं शिकवलं मी, शिकवायला जाणारा आधी पोरांच्या रांगेत बसला असं उदाहरण मला दुसरं फारसं सापडलं नाही.

वर्षभरात त्याची स्वतःची शाळा सुरू झाली. तमिळ पोरांची वेगळी, पोर्तुगीज बोलणाऱ्यांची वेगळी, कारण बंदरात तेव्हा पोर्तुगीज सगळ्यांना यायची. पोरांना जेवण आणि कपडे शाळेतून. आणि १७०७ मध्येच मुलींची शाळा. फुले दांपत्यानं पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ ला, म्हणजे हे किती आधीचं आहे बघा, फरक एवढाच की तरंगमबाडीची शाळा पाद्र्यांच्या आणि परदेशी पैशाच्या आधारावर चालली आणि सावित्रीबाईंना अंगावर दगडशेण झेलत शाळेत जावं लागलं.

१७०८ च्या शेवटी डॅनिश किल्लेदारानं त्याला चार महिने कोठडीत टाकलं. सुटून आला आणि परत शाळेत. मग इंग्लंडच्या एका संस्थेनं छापखाना पाठवला, तमिळ खिळे जर्मनीत हाले गावी ओतून आणले, १७१४-१५ ला तमिळ नवा करार छापून निघाला. कागद पुरेना म्हणून जवळ पोरैयारला कागदाची गिरणी पण टाकली. १७१६ ला मास्तर तयार करायची शाळा. १७१९ मध्ये माणूस गेला, वय छत्तीस.

आता शाळा वाढली कशी. तुम्हाला हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडं शाळा काढणारे लई आणि टिकवणारे कमी. त्या हाले गावात फ्रांके नावाच्या शिक्षकानं अनाथ पोरांसाठी शाळा काढली होती आणि तिचं वाढून एक गावच झालं होतं, छापखाना, औषधालय, ग्रंथालय, पोरांना बघायला शंखशिंपले-यंत्रं ठेवलेली खोली, सगळं. तरंगमबाडीहून मिशनरी जी पत्रं लिहायचे, आज किती पोरं आहेत, पाऊस झाला का, लोक काय खातात, कसं बोलतात, ती पत्रं हालेवाले १७१० पासून छापून वाटायचे. जर्मनीतली साधी माणसं ती वाचून पैसे पाठवायची. राजानं हात आखडला, व्यापारी उलटले तरी शाळा बंद पडली नाही ती त्यामुळे. दुसरं म्हणजे मास्तर इथलेच तयार केले. १७३३ ला तर आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळक म्हणजे पाद्री केलं, तो गावोगाव फिरायचा.


लातूर_ते_त्रिची :

धूळपाटी सर, दंडवत. मी लातूरचा, नोकरीमुळं सहा वर्षं त्रिचीला आहे, तंजावर तासाभरावर. सरफोजी महाराजांचं मी सांगतो.

तो पलंगावरचा माणूस म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हालेचाच विद्यार्थी, १७५० ला तरंगमबाडीला आला, मग त्रिची, आणि १७७८ पासून तंजावरला कायमचा. तमिळ, फारसी, हिंदुस्तानी यायची आणि दरबारात बोलायला म्हणून मराठी पण शिकला. ते पाहून मला पण काटा आला होता सर, तिकडं राजवाड्यात मराठी बोलणारा जर्मन मास्तर. लोकांचा विश्वास एवढा की हैदर अलीकडं बोलणी करायला मद्रासच्या इंग्रजांनी १७७९ ला त्यालाच पाठवलं.

तंजावरचे तेव्हाचे राजे तुळजाराजे, त्यांना मुलगा नव्हता, १७८७ ला मरणाच्या आधी काही दिवस त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतलं आणि पोराला श्वार्ट्झच्या हाती सोपवायचं म्हणाले. पण गादीवर बसला अमरसिंह, राजाचा सावत्र भाऊ, आणि त्यानं पोराला कोंडून ठेवल्यासारखं ठेवलं, ना मास्तर ना मोकळी हवा. श्वार्ट्झ मद्रासला अर्जावर अर्ज करत राहिला की पोराचं शिक्षण बुडतंय, त्याच्या जिवाला धोका आहे. शेवटी १७९३ ला सरफोजीला मद्रासला हलवलं, तिथं गेरिके नावाच्या दुसऱ्या लुथरन मिशनरीनं त्याचं शिक्षण बघितलं. त्या दगडात मागं उभा आहे तो गेरिकेच. १३ फेब्रुवारी १७९८ ला श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या मोठ्या शिल्पकाराकडून तो दगड महाराजांनीच करून घेतला, आणि थडग्यावर इंग्रजीत कविता आहे ती पण महाराजांची स्वतःची.

शाळेचं म्हणाल तर श्वार्ट्झनं १७८४-८५ च्या सुमाराला तंजावर, रामनाथपुरम, शिवगंगै इथं इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा काढल्या, राजांनी मदत केली, आणि १७८७ ला कंपनीनं प्रत्येक शाळेला वर्षाला २५० होन बांधून दिले. मेकॉलेच्या पन्नास वर्षं आधी हे. ब्राह्मणांची, मराठी कारभाऱ्यांची पोरं यायची. कुणी धर्मांतराचा विषय काढायच्या आधी सांगतो, सरफोजी महाराज शेवटपर्यंत शिवभक्त राहिले, १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. गुरूवर जीव लावला, धर्म आपला ठेवला, दोन्ही एकाच माणसात.

एक गोष्ट मात्र नीट सांगा सर नाहीतर पोरं चुकीचं शिकतील. श्वार्ट्झच्या तंजावरच्या शाळेचा वारसा सांगणारी सेंट पीटर्स शाळा आजपण चालू आहे पण ती आता लुथरन नाही, चर्च ऑफ साउथ इंडियाची आहे, कारण श्वार्ट्झला पैसा इंग्लंडमधून यायचा आणि नंतर ते सगळं काम इंग्रजांच्या चर्चकडं गेलं. लुथरन फांदी वेगळी वाढली. १८४० ला लाइपझिगचं मिशन आलं, १८४५ ला डेन्मार्कनं तरंगमबाडी इंग्रजांना विकली, मग पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना इंग्रजांनी बाहेर काढलं, स्वीडनच्या लोकांनी सांभाळलं, आणि १४ जानेवारी १९१९ ला तमिळ लुथरन चर्च स्वतःच्या पायावर उभं राहिलं. त्यांचं मुख्य ऑफिस त्रिचीला, नाव ट्रंकेबार हाऊस. मी रोज ऑफिसला जाताना त्यांच्या एका शाळेवरून जातो, सकाळी पोरी दोन वेण्या घालून जास्वंद माळून रांगेत उभ्या असतात, प्रार्थना तमिळमधून.

बाकी भारतात पण याच पंथाच्या शाळा आहेत, आंध्रात गुंटूरला १८४२ पासून अमेरिकेचे लुथरन, आणि रांचीला १८४५ पासून गोस्नर मिशन. बिरसा मुंडा लहानपणी चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत होते.


नागसेनवन :

सगळं छान चाललंय, मन लावून वाचलं. मी संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) मिलिंद कॉलेजचा विद्यार्थी, माझे आजोबा पण मिलिंदचेच. १९५० ला बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं तेव्हा आजोबा वीस कोस चालत आले होते, म्हणून शाळेचा इतिहास कुणी सांगायला लागलं की माझ्या मनात एकच प्रश्न येतो, आमच्या पोरांना आत बसू दिलं का, आणि दिलं तर कुठं बसवलं? ब्राह्मण आणि कारभाऱ्यांची पोरं यायची हे लातूरकर दादांनी सांगितलं. बाकीच्यांचं?


धूळपाटी :

बाळा, हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस, मी आधीच लिहायला पाहिजे होतं.

आत घेतलं. तरंगमबाडीच्या पहिल्या लोकांत गरीब, अस्पृश्य मानलेले, डॅनिश घरांतले गुलाम हेच जास्त होते आणि त्यांची पोरं शाळेत होती. पण बसवलं वेगळं. चर्चमध्ये वेल्लाळ म्हणजे तिकडचे शेतीवाले एका बाजूला आणि परैयर म्हणजे अस्पृश्य मानलेले दुसऱ्या बाजूला, आणि हे श्वार्ट्झनं पण चालू दिलं, हळूहळू जाईल असं म्हणत. गेलं नाही. १८३३ ला कलकत्त्याच्या इंग्रज बिशपनं, डॅनियल विल्सननं, हुकूम काढला की चर्चमध्ये जात बंद, तेव्हा तंजावरच्या वेल्लाळ ख्रिस्ती लोकांनी बंड केलं. त्यात वेदनायगम शास्त्री पण होते, श्वार्ट्झनं वाढवलेले, सरफोजी महाराजांचे मित्र, तमिळचे मोठे कवी. आणि सगळ्यात बोचणारं म्हणजे त्यातले कितीतरी लोक नंतर लुथरनांकडं गेले, कारण लाइपझिगवाले जातीच्या बाबतीत नरम होते. वाळूत पोरांशेजारी बसणाऱ्या माणसाच्या वारसांनी पोरांच्या रांगा वेगळ्या राहू दिल्या. मला त्सीगेनबाल्गबद्दल माया आहे पण हे झाकून ठेवणार नाही. सर, तुम्ही पण वर्गात झाकू नका.


नागसेनवन :

थँक्यू सर. झाकलं नाहीत हेच पाहिजे होतं. आजोबांना वाचून दाखवतो.


मोसंबी_जालना :

आमच्याकडं पण हे झालंय, जुन्या चर्चमध्ये कोण कुठं बसायचं ते आजीला पाठ होतं. नागसेनवन दादा, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

धूळपाटी सर, एक विचारू का, महाराज एवढे शिकले पण त्यांनी मराठीसाठी काही केलं का?


धूळपाटी :

केलं ना ताई, आणि आपल्या लोकांनाच ते माहीत नाही याची खंत आहे. १८०५ च्या आसपास महाराजांनी तंजावरला देवनागरीचा छापखाना काढला आणि १८०६ ला बालबोध मुक्तावली नावाचं पुस्तक छापलं, इसापच्या गोष्टी, मराठीत, पोरांसाठी. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापायला बंगालमध्ये श्रीरामपूरला केरी नावाच्या इंग्रज मिशनरीनं नुकती १८०५ ला सुरुवात केली होती. म्हणजे मराठीत छापलेल्या अगदी पहिल्या पहिल्या पुस्तकांतलं एक हे पोरांचं गोष्टींचं पुस्तक आहे, आणि ते पुण्यात नाही, मुंबईत नाही, तंजावरला निघालं. राजानं प्रजेच्या पोरांसाठी फुकट शाळा काढल्या त्यांत मराठी, तमिळ, संस्कृत, फारसी, इंग्रजी सगळं होतं. वाचनाची, छापखान्याची, यंत्रं आणि नमुने जमवायची ही ओढ त्या हालेच्या वळणाची आहे असं मला मनापासून वाटतं. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी जमवलेलं बघून या एकदा.

आणि वाळूचं अजून एक राहिलं. १७८९ ला मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटलंडचा पाद्री अनाथ पोरांची शाळा चालवत होता, त्यानं देशी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं काढताना बघितली आणि मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवायचं ही पद्धत आपल्या शाळेत लावली, पुढं ती इंग्लंडभर गेली. आपल्या ओट्यावरच्या पंतोजींचं हे देणं आहे.


वेरूळ_शिवार :

उशीर झाला उत्तराला, शाळा उघडली, निवडणुकीची कामं लागली, पण सांगायचं राहून चालणार नाही.

मागच्या शनिवारी बांधकामावरून चार घमेली वाळू मागून आणली, चाळली, व्हरांड्यात पसरली. सातवीच्या पोरांना मांडी घालून बसवलं, रांगा मुद्दाम हजेरीच्या नंबरनं लावल्या, कोण कुणाजवळ बसणार ते कुणी ठरवायचं नाही. मोबाईलवर तमिळचं अ अक्षर मोठं करून दाखवलं आणि मी पण त्यांच्यात बसलो. मला ते काही केल्या जमेना, वळण उलटंच जायचं, तर शेजारच्या पोरानं माझं बोट धरलं आणि फिरवून दाखवलं, सर असं. तेव्हा मग सगळी गोष्ट सांगितली, तरंगमबाडी, कोठडी, श्वार्ट्झ, कोंडलेला दहा वर्षांचा पोर, वेगळ्या रांगा, बालबोध मुक्तावली, सगळं. वर्ग एवढा गप्प मी कधी बघितला नव्हता. एकानं विचारलं त्या जर्मन गुरुजींना पंतोजी छडी मारायचे का. दुसरीनं विचारलं की राजा शाळेत शिकला आणि त्याच्याबरोबर ती तीन पोरं पण दगडात आली, मग राजाचं नाव लिहिलंय तसं त्यांचं कामून नाही लिहिलं.

लातूरकर दादा, एक काम सांगतो, रागावू नका. माझा फोटो हललेला आलाय, गर्दी होती आणि पोरगी ओढत होती. तुम्ही तंजावरला जाल तेव्हा त्या दगडाचा एक सरळ फोटो काढा, राजाचा नसला तरी चालेल, पलंगाजवळच्या त्या तीन पोरांचा जवळून काढा. प्रिंट मारून वर्गात लावायचाय. पोरांनी जागा पण ठरवली आहे, खिडकीच्या बाजूला, नकाशाच्या खाली.


लातूर_ते_त्रिची :

रविवारी जातो सर. सकाळी आठला उजेड चांगला असतो.